खाँसाहेब मौलाबक्ष

गायनाचार्य मौलाबक्ष मूळचे बडोद्याचे नव्हेत. १८३३ साली दिल्लीकडे जन्मलेल्या या गवयाने दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीतही आत्मसात केले आणि पुढे बडोद्यास बिऱ्हाड केले. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची ठेव. शिष्यालाही ती सहजी मिळत नसे. खाँसाहेबांनी मात्र चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली. मींड कागदावर उतरत नाही, हे खरेच. पण घराण्याबाहेरच्या पोरांना सूर सापडला तो या कागदामुळे. १८९६ साली खाँसाहेब निवर्तले. त्यांचे नातू इनायत खाँ १९१० साली हे गाणे घेऊन परदेशी गेले. सूरसागराकाठी ती शाळा आज विद्यापीठाची विद्याशाखा म्हणून भरते.