चंडीगडचे शिल्पकार ल कॉर्बुझिए

घड्याळांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी ६ ऑक्टोबर १८८७ रोजी शार्ल-एदुआर जानरे यांचा जन्म झाला. घड्याळाच्या कवचावर नक्षी कोरण्याचे शिक्षण त्यांनी घेतले होते. वास्तुशास्त्राची पदवी मात्र कधीच घेतली नाही. पॅरिसमध्ये स्थायिक झाल्यावर १९२० मध्ये त्यांनी ल कॉर्बुझिए हे नाव धारण केले.

अरुंद गल्ल्या आणि कोंदट घरे यांनी शहरे आजारी पडली आहेत, असे त्यांचे निदान होते. उपाय जालीम होता. १९२५ च्या आराखड्यात त्यांनी सीन नदीच्या उत्तरेकडील पॅरिसचा मोठा भाग पाडून तेथे साठ मजली १८ मनोरे उभारण्याचे सुचवले. मनोऱ्यांभोवती हिरवळ, मोटारींसाठी रुंद रस्ते आणि निवास, काम, विरंगुळा व वाहतूक यांची काटेकोर फारकत! पॅरिसने हा आराखडा स्वीकारला नाही, हे त्या शहराचे भाग्यच म्हणावे लागेल. सत्ता कोणाची, याचा विधिनिषेध या प्रतिभावंताने फारसा बाळगला नाही. युद्धकाळात ते व्हिशी राजवटीच्याही दारी गेले. तेथेही पदरी निराशाच आली.

संपूर्ण शहर घडविण्याची संधी अखेर भारताने दिली. फाळणीत लाहोर गेल्याने पंजाबला राजधानी हवी होती. अमेरिकी नियोजनकार अल्बर्ट मेयर यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात मरण पावले आणि १९५१ मध्ये हे काम कॉर्बुझिए यांच्याकडे आले. मेयर यांचे वळणदार रस्ते त्यांनी बव्हंशी सरळ केले. ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखून प्रत्येकात शाळा, बाजार व उद्यानाची सोय केली. घरांची जबाबदारी मुख्यतः चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी पेलली. त्याच सुमारास पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसच्या कार्यालयात त्यांच्या हाताखाली काम करीत होते.

सावली देणाऱ्या झाडांचे हे शहर आजही सुखावते. तथापि, ज्या मजुरांनी ते बांधले, त्यांच्या निवाऱ्याची पुरेशी तरतूद आराखड्यात नव्हती. त्यांच्या झोपड्या सेक्टरांच्या कडेने वसल्या. पाच लाख लोकसंख्येसाठी आखलेल्या चंडीगडने २०११ च्या जनगणनेत दहा लाखांचा आकडा ओलांडला.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी भूमध्य समुद्रात पोहताना कॉर्बुझिए यांचे निधन झाले. चंडीगडसाठी त्यांनी कल्पिलेले ‘उघडा हात’ हे शिल्प त्यानंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभे राहिले.