आजचं वाचन: अनुवाद ६:४ – रामबाम आणि एकच देव



आजचं वचन छोटं आहे. इस्राएलाचा देव एकच, एवढंच ते सांगतं. यहूदी माणूस ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर प्रभू येशूनेही इथूनच सुरुवात केली (मार्क १२). मग पुढचा प्रश्न येतोच, ऑफिसात डबा खाताना तर हमखास: यहूदी, ख्रिस्ती, मुसलमान, तिघांचा देव एकच का? आपण पटकन हो किंवा पटकन नाही म्हणून मोकळे होतो. आज अशा एका माणसाविषयी लिहिते, ज्याला देवापायी घरदार सोडावं लागलं.

मोशे बेन मैमोन. यहूदी त्यांना रामबाम म्हणतात. जन्म ११३८ च्या सुमारास, स्पेनमधल्या कॉर्डोबात. ते दहाएक वर्षांचे असताना, ११४८ मध्ये, अल्मोहादांनी शहर घेतलं. यहूदी आणि ख्रिस्ती, दोघांपुढेही तोच पेच: मुसलमान व्हा, निघून जा, नाहीतर मरा. हे कुटुंब कित्येक वर्षं भटकलं, मोरोक्कोतल्या फेझला राहिलं आणि शेवटी इजिप्तमध्ये, जुन्या कैरोतल्या फुस्तातला स्थिरावलं.

घर चालवायचा धाकटा भाऊ दावीद, रत्नांचा व्यापारी. तो हिंदी महासागरात बुडाला आणि मोशे जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले. (आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांच्या परंपरेत दावीद राहाबी नावाचा गुरू येतो. तो म्हणजे हाच भाऊ, असं काही जण मानतात. मला ते पटत नाही, पण ऐकायला आवडतं.) मग पोटासाठी मोशेंनी वैद्यकी धरली, आणि सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल त्यांचा आश्रयदाता झाला. म्हणजे बालपण उद्ध्वस्त केलं तेही मुसलमान राज्यकर्त्यांनी, आणि पुढे आधार दिला तोही मुसलमान दरबाराने.

आता ओबद्याची गोष्ट. हा यहूदी धर्म स्वीकारलेला माणूस. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असं तो म्हणाला, तर त्याच्या गुरूने त्याला मूर्ख ठरवून अपमान केला. त्याने रामबामना पत्र लिहिलं. उत्तर आलं की चूक गुरूची आहे. मुसलमान देवाला एकच मानतात आणि त्यात काही खोट नाही. ते आपल्याविषयी खोटं बोलतात म्हणून आपण त्यांच्याविषयी खोटं बोलायचं नाही.

कोण लिहितोय बघा! ज्यांनी घरातून हाकललं त्यांचा देव वेगळाच, असं म्हणून टाकणं किती सोपं होतं.

पण आपण ख्रिस्ती लोकांनी लगेच खूश व्हायचं कारण नाही. त्याच रामबामनी आपल्याला मूर्तिपूजकांत धरलं. त्रैक्य त्यांना देवाच्या एकत्वाला तडा वाटलं. मला हे बोचतं, आणि मान्यही नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत; आजच्या वचनाला मी मनापासून आमेन म्हणते. तरी त्यांचा आक्षेप हलका नाही. येशू कोण, या प्रश्नाला वळसा घालून सगळे सारखेच म्हणणं त्यांना जमलं नसतं, आणि मलाही जमत नाही.

गंमत पुढे आहे. तोरा परक्याला शिकवावी का, असं विचारलं गेलं तेव्हा त्यांनी उलटा निकाल दिला: ख्रिस्ती माणसाला शिकवा, मुसलमानाला नको. कारण ख्रिस्ती अर्थ चुकीचा लावत असले तरी ग्रंथ तोच मानतात. मुसलमानांच्या मते त्यात फेरफार झालेत. म्हणजे देवाच्या एकत्वात मुसलमान जवळचे, आणि शास्त्रात आपण. एका प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यातले ते नव्हतेच.

आपल्या मोठ्या धर्मशास्त्रसंहितेत त्यांनी असंही लिहिलं की येशू आणि मुहंमद यांच्यामुळे मशीहाची वाट तयार होते आहे, कारण तोरेची चर्चा दूरच्या बेटांपर्यंत पोचली. पुढे ख्रिस्ती सेन्सॉरशिपमुळे हा भाग बहुतेक छापील आवृत्त्यांतून गळाला. आपल्याच लोकांनी काढला!

रामबाम १२०४ मध्ये वारले. शतकही उलटायच्या आत थॉमस अक्वायनस त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये वाचत होता, जिथे पटत नव्हतं तिथे वाद घालत होता, आणि नाव मात्र आदराने घेत होता: रब्बी मोशे.

उद्याचं वाचन: उत्पत्ती १७.