विठ्ठलाच्या दारी

कोकणातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी सदाशिवराव साने यांच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव पांडुरंग ठेवण्यात आले. पंढरपूरच्या देवाचे नाव लाभलेल्या या मुलाने पुढे त्याच देवाच्या दारी आपले प्राण पणास लावावे, असा योग होता.

घराण्याचे वैभव ओसरले होते. पांडुरंगाचे बालपण ओढगस्तीत गेले; परंतु आई यशोदाबाईंनी त्याला प्रेमाची शिदोरी भरपूर दिली. आई १९१७ साली निवर्तली. पुढे कारावासात असताना, १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, त्याने तिच्या आठवणी ‘श्यामची आई’ या पुस्तकात लिहून काढल्या. ते पुस्तक ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच.

मोठ्या कष्टाने एम. ए. होऊन पांडुरंग साने १९२४ साली खानदेशातील अमळनेर येथे शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची ते आईप्रमाणे काळजी वाहत. मुले शाळेत गेली म्हणजे त्यांच्या खोल्या झाडाव्या, कपडे धुऊन ठेवावे, कोणी आजारी पडल्यास उशाशी बसून रात्र काढावी, असा त्यांचा क्रम असे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. शाळा सुटली, पण ‘गुरुजी’ हे नाव त्यांना जन्माचे चिकटले.

गुरुजींच्या मनाला एक शल्य सतत टोचत असे. आषाढी-कार्तिकीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून वारकरी पंढरपुरास येतात. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ-मृदंगाचा गजर होतो. तेथे कोणी कोणाची जात विचारीत नाही. वयाने वडील असलेला माणूसही लहानाच्या पायांना हात लावतो. एका देवाच्या नावाने लक्षावधी माणसे एक होतात. पण वाळवंट ओलांडून महाद्वारापाशी आले की तोच समुदाय दुभंगत असे. काही आत जात, काही बाहेर राहत. ज्यांना अस्पृश्य मानले होते, त्यांनी महाद्वारातील पायरीला डोके टेकून मागे फिरावे, असा शतकानुशतकांचा रिवाज होता. त्या पायरीसमोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. ज्यांचे अभंग मंदिरात भक्तीने गायले जात, त्या चोखोबांना जिवंतपणी मंदिरात पाऊल टाकता आले नाही. जोडणारा धर्म तोच आणि तोडणाराही तोच, हे कोडे गुरुजींना स्वस्थ बसू देईना.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न नवा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे मोठा सत्याग्रह झाला होता. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. अखेर बाबासाहेबांनी तो मार्गच सोडला. देवळात जाण्यापेक्षा शिक्षण आणि हक्क मिळविणे त्यांना अधिक मोलाचे वाटले, आणि त्यात वावगे काय होते? गुरुजींना मात्र वाटे की, बाहेर उभ्या असलेल्यांनी किती काळ दार ठोठवावे? आत असलेल्यांनीच आता ते उघडावयास हवे. जो अन्याय आपल्या लोकांनी केला, त्याचे प्रायश्चित्तही आपणच घ्यावे.

१९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. आधी लोकमत जागे करावे, असा आग्रह वडीलधाऱ्या मंडळींनी धरला. गुरुजींनी तो मानला आणि १९४७ च्या आरंभापासून ते महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापटांसारखे कार्यकर्ते पाठीशी होते. राष्ट्र सेवा दलाचे तरुण गाणी गात बरोबर चालत होते. ठिकठिकाणी गावकऱ्यांनी देवळे आणि पाणवठे सर्वांसाठी मोकळे केले. काही ठिकाणी विरोधही झाला.

पंढरपूरचे दार मात्र बंदच होते. मंदिराचे वंशपरंपरागत सेवेकरी बडवे यांना पूर्वजांकडून आलेला आचार मोडणे पाप वाटे. त्यांचा भाव खोटा होता असे म्हणता येणार नाही. पण त्या भावापायी कित्येक पिढ्या उन्हात उभ्या होत्या.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणास बसले. महाराज स्वतः कीर्तनकार; त्यांनी मठ दिला म्हणजे वारकऱ्यांपैकीच एकाने दार उघडले असे म्हणावे लागेल. मे महिन्यातील सोलापूरकडचा उन्हाळा. मुळात किरकोळ असलेली गुरुजींची प्रकृती दिवसेंदिवस खालावू लागली. अशातच गांधीजींचा निरोप आला की उपोषण सोडावे. त्यांच्या कानी अपुरी हकिकत गेली होती. ज्यांच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंगवास पत्करला, त्यांचाच हा निरोप! गुरुजी व्यथित झाले, पण ढळले नाहीत. पुढे मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर पंढरपुरास आले. बोलणी झाली. १० मे रोजी बडवे मंडळींनी मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य केले आणि दहाव्या दिवशी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

पुढे गुरुजींना अवघी तीन वर्षे लाभली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. वारीचे दिवस आले म्हणजे वारकरी तिला नमस्कार करतात, नामदेवांच्या पायरीला हात लावतात आणि सगळेच दर्शनाच्या रांगेत जाऊन उभे राहतात.