४२.३४ मीटरवरचा बिनपरवाना आवाज

मूल (जि. चंद्रपूर) : गोंदिया-चांदा या जुन्या नॅरोगेज रेल्वेमार्गावर नागभीड, सिंदेवाही, मूल अशी गावे ओळीने येत. चिमूर मात्र या रुळांपासून बाजूला, जंगलाच्या कुशीत. तेथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, सत्याग्रहींच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. संतप्त जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले आणि त्यानंतर गावात शिरलेल्या फौजेने घराघरांतील स्त्रियांवर अनन्वित अत्याचार केले. युद्धकाळातील निर्बंधांमुळे ही हकिकत छापणे वृत्तपत्रांना दुरापास्त झाले होते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील या खेड्याचे दुःख देशाच्या कानी घालणाऱ्यांमध्ये एक चोरटे नभोवाणी केंद्र होते. त्यामागे होती मुंबईतील २२ वर्षांची एक विद्यार्थिनी. तिचे नाव उषा मेहता.

उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातमधील सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश. अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना त्यांनी प्रथम पाहिले तेव्हा त्यांचे वय अवघे पाच वर्षांचे होते आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या निषेध फेरीत त्या घोषणा देत चालल्या तेव्हा आठ वर्षांचे. मुलांच्या एका मिरवणुकीत पोलिसांच्या मारामुळे झेंडा धरलेली मुलगी खाली पडली. त्यावर मुलांनी तोडगा काढला तो असा, की केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचे पोशाखच शिवून घ्यायचे, म्हणजे झेंडा हातातून पडण्याचा प्रश्नच उरणार नाही. सरकारी नोकरी असेपर्यंत वडिलांना मुलीचे हे उद्योग पसंत नव्हते. त्यांच्या निवृत्तीनंतर १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले आणि हा अडसर दूर झाला. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या. तो अभ्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये सुटला.

गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्टला चले जावचा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे झाडून सारे नेते गजाआड गेले. चळवळ चालू ठेवायची तर लोकांपर्यंत बातमी पोचवण्याचे साधन हवे होते. उषाबेन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना नभोवाणी केंद्राची कल्पना सुचली. ही कल्पना धाडसाची होती हे खरे. पण त्या काळी ती किती धाडसाची होती हे समजण्यासाठी वायरलेसच्या कायद्याकडे पाहावे लागेल.

आज कार्यालयातील संगणक वा खिशातील मोबाइल जाळ्यात शिरण्यापूर्वी स्वतःची ओळख पटवतो. प्रत्येक मोबाइलला स्वतःचा क्रमांक असतो, त्याची नोंद असते आणि चोरीचा ठरलेला संच जाळ्याबाहेर ठेवता येतो. नोंद नसलेल्या यंत्राला प्रवेश नाही, हे तत्त्व संगणकयुगाने शोधून काढलेले नाही. हिंदुस्थानात १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला होता आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याने तर परवान्याविना नुसते यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरात ऐकण्याच्या साध्या रेडिओलाही परवाना लागे. ही पद्धत स्वतंत्र भारतातही १९८० च्या दशकापर्यंत टिकली. टपाल कार्यालयात जाऊन रेडिओच्या परवान्याचे नूतनीकरण केल्याचे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. प्रक्षेपण करू इच्छिणाऱ्या हौशी मंडळींना वेगळा परवाना घ्यावा लागे आणि त्यांना एक संकेतनाम मिळे. हवेत बोलताना ते उच्चारणे बंधनकारक असे, म्हणजे कोण बोलतो आहे याची खातरजमा करता येई. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने हौशींचे सारे परवाने स्थगित केले. त्या दिवसापासून खासगी हातातील प्रत्येक प्रक्षेपक बेकायदा झाला.

असाच परवाना हिरावला गेलेला एक तंत्रज्ञ, नरिमन प्रिंटर, या तरुणांना भेटला. सुटे भाग जुळवून त्याने प्रक्षेपक उभा केला. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांची साधनसामग्रीसाठी मदत झाली. विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे सोबती होते आणि भूमिगत असलेले डॉ. राममनोहर लोहिया मार्गदर्शन करीत होते. गिरगाव चौपाटीजवळील सी व्ह्यू या इमारतीतून २७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिले प्रक्षेपण झाले. ४२.३४ मीटर ही त्यांची लहर. म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. तिची जागा हौशी वायरलेसवाल्यांच्या जुन्या ४० मीटर पट्ट्यातच होती. कायद्याने रिकामा केलेल्या पट्ट्यातून कायद्याला आव्हान दिले जात होते.

संकेतनाम नसलेल्या या केंद्रावर श्रोत्यांनी विश्वास तरी कशाच्या आधारे ठेवावा? अफवांचे पेव फुटलेले ते दिवस. सरकारी नभोवाणीही होती आणि जर्मनी-जपानची केंद्रेही हिंदुस्थानी भाषांत बोलत होती. उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःची ओळख ठरवून घेतली होती. आरंभी आपले नाव आणि लहर सांगायची, ठिकाण म्हणून केवळ हिंदुस्थानात कुठेतरी एवढेच म्हणायचे. प्रारंभ हिंदोस्ताँ हमारा या गीताने आणि शेवट वंदे मातरमने करायचा. पण खरी ओळख बातम्यांनी पटवली. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी आणि चिमूर येथील अत्याचार यांची माहिती देशभरातून आलेल्या निरोप्यांमार्फत मुंबईत पोचे आणि तेथून हवेत जाई. जे छापता येत नव्हते ते येथे ऐकू येत होते. मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात रेडिओ संच विरळच असणार. तरी जिथे एक संच होता तिथे ऐकणारे दहा आणि पुढे सांगणारे शंभर, अशीच त्या काळातील बातमीची चाल होती.

पोलिसांच्या हाती दिशाशोधक यंत्रे होती. फिरत्या एरियलने संदेश कोणत्या दिशेने येतो ते कळते. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक. मात्र त्याला वेळ लागतो. म्हणून प्रक्षेपण थोडका काळ चालवायचे आणि जागा बदलत राहायची, असा क्रम होता. लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, पारेखवाडी असा तो बिऱ्हाडाचा प्रवास झाला. पुढे ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी अशी विभागणी केली गेली. दुसरीकडे पोलीस प्रत्येक कार्यक्रम ऐकून त्याची टिपणे करीत होते. तीच टिपणे पुढे खटल्यात पुरावा झाली आणि गंमत अशी, की या केंद्रावरून काय बोलले गेले याचा आजचा मोठा आधारही तीच आहेत.

यंत्राचा माग यंत्राने काढला नाही, माणसाने दाखवला. तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने वाट दाखवली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला. उषाबेन तेथून निसटल्या, महत्त्वाचे कागद सुरक्षित जागी पोचवले. त्या वेळी लपून बसता आले असते. त्याऐवजी महालक्ष्मी मंदिराजवळील पॅराडाईज बंगल्यात जाऊन त्यांनी चंद्रकांत झवेरींसह त्या संध्याकाळचे प्रक्षेपण सुरू केले. वंदे मातरमची तबकडी फिरत असतानाच पोलीस दारे फोडून आत शिरले. तबकडी थांबवण्याचा हुकूम दोघांनी मानला नाही. दिवे गेले, अंधार झाला आणि त्या अंधारातच अटक झाली. काँग्रेस अधिवेशनांची छायाचित्रे व चित्रफिती भरलेल्या २२ ट्रंका जप्त झाल्या.

सहा महिने चौकशी चालली. एकांतवास झाला; परदेशात शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखवले गेले. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना उत्तर देणे बंधनकारक आहे काय, एवढे विचारून घेतले आणि नाही असे कळताच एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. विशेष न्यायाधीश लोकूर यांनी १४ मे १९४३ रोजी निकाल दिला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेन यांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी निर्दोष सुटले. त्याआधीच चिमूरच्या स्त्रियांसाठी प्रा. भन्साळी यांचे ६३ दिवसांचे उपोषण होऊन गेले होते आणि जंगलातल्या त्या गावाचे नाव देशभर झाले होते.

येरवड्याच्या कारावासात उषाबेन यांची प्रकृती ढासळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार झाले तेही पोलिसांच्या पहाऱ्यात. १९४६ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

अडीच महिन्यांच्या या पर्वाने त्यांचे पुढचे आयुष्य काहीसे झाकोळले गेले, हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विल्सन महाविद्यालयात सुमारे ३० वर्षे अध्यापन केले, विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषवले आणि १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. मणिभवन आणि गांधी स्मारक निधीच्या कामात त्या अखेरपर्यंत रमल्या. लग्न केले नाही, अंगावर खादीच राहिली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर आधारित हिंदी चित्रपटही आला.

९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या गवालिया टँकवरील क्रांतिदिनाच्या कार्यक्रमास गेल्या. थकून घरी परतल्या आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.