माझगावच्या रूबेनबाई

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या आपल्या वर्गातल्याच गोष्टी. शिवनेरीची सहल, पावसात गळणारी नववीची खोली, गणिताच्या सरांची खडूची नेमबाजी. पण ते सगळे बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी दुसऱ्याच एका शाळेबद्दल आणि तिथल्या मुख्याध्यापिकेबद्दल लिहिते आहे. आपल्या शाळेशी तिचा संबंध काय, ते शेवटी सांगते.

माझे वडील, तुमच्यापैकी पुष्कळांच्या वडिलांसारखेच, मुंबईत डबे पोचवत. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. वडिलांचा भाग भायखळा-माझगावचा. सुट्टीत मी मुंबईला गेले की कधीकधी ते मला बरोबर नेत. माझगावात एक शाळा लागायची. ही ज्यू लोकांची शाळा, असे ते सांगत, आणि इथे एक फार मोठ्या बाई होऊन गेल्या, असेही सांगत. वडील स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. बाईंचे नाव त्यांना माहीत नव्हते. पुढे मी डी.एड. होऊन मुंबईत शिकवायला लागले, तेव्हा मला नाव कळले. रिबेका रूबेन.

ही शाळा ज्यांनी काढली ते बेने इस्रायली लोक कोकणातले. पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि वाचलेली माणसे तिथेच राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळण्याचा व्यवसाय करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी आणि आडनावे गावांवरून पडलेली: केहिमकर, राजपूरकर, पेणकर. धर्म टिकला, पण हिब्रू भाषा हातातून निसटली होती. ती परत मिळाली ती शाळेच्या बाकावर. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायली मुले शिकली आणि त्यांच्यातूनच पुढचे शिक्षक तयार झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्यांतले मोठे नाव. मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते कित्येक वर्षे मुख्याध्यापक होते, आणि त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

पण आपल्या समाजाची स्वतःची शाळा हवी, हा ध्यास हाएम सॅम्युएल केहिमकर यांचा. त्यांनी १८७५ साली मुंबईत लहानशी शाळा सुरू केली. तिथे मराठी होते, इंग्रजी होते आणि हिब्रूही होते. एकेक इयत्ता वाढत ती शाळा मॅट्रिकपर्यंत पोचली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ज्यांनी शाळा चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की वाढलेली प्रत्येक इयत्ता म्हणजे एक खोली, एक शिक्षक, एक पगार आणि मुलाला घरी बसवू नका म्हणून पालकांची केलेली विनवणी. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून १८९७ साली पुरा केला. तो छापून आला १९३७ साली, त्यांच्या मागे. शाळा मात्र त्यांनी डोळ्यांदेखत उभी केली.

रिबेकाचा जन्म १८८९ सालचा, बेळगावचा. शिकायला ती पुण्यात हुजूरपागेत राहिली. रानडे, भांडारकर, मोडक यांनी १८८४ साली काढलेली ही मुलींची शाळा तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. मुलींना इंग्रजी शिकवावे की नाही, यावर पुण्यात मोठा वाद होऊन गेला होता. त्या शाळेतून रिबेका १९०५ साली मॅट्रिकला बसली आणि मुंबई विद्यापीठात पहिली आली. मुलींत पहिली असे नव्हे, सगळ्यांत पहिली. त्या काळी मुंबई विद्यापीठाची परीक्षा म्हणजे गुजरात, सिंध, महाराष्ट्र, कर्नाटक इथली सगळी मुले एका यादीत. त्या यादीच्या डोक्यावर याआधी कधी मुलीचे नाव आलेले नव्हते. आणि हे नाव आले ते सोळा वर्षांच्या आतबाहेरच्या एका बेने इस्रायली मुलीचे.

पुढे तिने पदवी घेतली. मग इंग्लंडला गेली, लंडनमध्ये शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले आणि केंब्रिजमध्ये हिब्रूचा अभ्यास केला. परत आल्यावर शिकवण्याबरोबरच १९१७ ते १९२० या काळात तिने आपल्या समाजाचे वार्षिक संपादित केले. एवढे शिकलेल्या बाईला त्या काळात कुठेही मानाची जागा मिळाली असती. १९२२ साली तिने केहिमकरांच्या शाळेची मुख्याध्यापिका व्हायचे ठरवले.

इथे मी दरवेळी थांबते. ही शाळा श्रीमंतांची नव्हती. बेने इस्रायली कुटुंबे कारकुनीत, रेल्वेत, गिरण्यांत, दवाखान्यांत नोकरी करणारी, बेताच्या मिळकतीची. विद्यापीठाच्या यादीत वर पोचलेली बाई पहिलीच्या वर्गापाशी येऊन उभी राहिली आणि तिथे २८ वर्षे राहिली. तेव्हा मॅट्रिक ही अकरावी होती. म्हणजे पहिलीत बोट धरून आत घेतलेले मूल मॅट्रिक होऊन बाहेर पडेपर्यंत ११ वर्षे. अशी दोन पुरी आवर्तने बाईंनी पाहिली आणि तिसरे अर्धे होत आले. जी मुलगी १९२२ साली पाटी घेऊन आली, तिची मुलगीही त्याच बाईंच्या शाळेत शिकू शकली असती.

माझे सगळे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले, म्हणून त्या वर्गांत काय घडत असेल याचा मला थोडा अंदाज येतो. पहिलीतले मूल मराठी बोलत येते. त्याला मराठी डावीकडून उजवीकडे लिहायला शिकवायचे. मग हिब्रू, ती उजवीकडून डावीकडे. मग इंग्रजी, तिची अक्षरे पुन्हा निराळी. तीन लिप्या, आणि घरी मदत करणारे कोणी असेलच असे नाही. अशा वेळी कुठल्या इयत्तेत काय आणि किती, याचा हिशेब चुकला की मूल गळते. रूबेनबाईंनी पुढे मुलांसाठी इंग्रजीची वाचनमाला लिहिली. पायरीपायरीने धडे रचणे हे काम त्यांना का सुचले असेल, ते मला चांगले समजते. पायरी उंच झाली तर कोण मागे राहते, हे त्या रोज वर्गात बघत होत्या.

हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कदुरी यांच्या देणगीने शाळेला बळ आले आणि तिला त्यांचे नाव मिळाले. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले. बाई १९५० साली निवृत्त झाल्या. त्याच सुमारास मुंबईची आणि कोकणची बेने इस्रायली कुटुंबे तिकडे जायला लागली होती. पुढच्या वर्षांत समाजातले बहुतेक लोक गेले. तिकडेही त्यांनी मराठी सोडली नाही. मायबोली नावाचे मराठी नियतकालिक ते इस्रायलमध्ये चालवत आले आहेत. इकडे माझगावच्या शाळेचे बाक रिकामे राहिले नाहीत. आजूबाजूच्या हिंदू-मुसलमान घरांतली मुले तिथे बसू लागली. ज्या समाजासाठी शाळा काढली तो समाज दूर गेला, शाळा राहिली आणि शेजाऱ्यांच्या कामाला आली. बाई १९५७ साली गेल्या, म्हणजे हे बदलण्याची सुरुवात त्यांनी पाहिली असणार.

आता आपल्याबद्दल. माझे गाव घोड नदीच्या खोऱ्यातले, डिंभ्याच्या धरणात गेलेले. आमची चौथीपर्यंतची शाळा पाण्याखाली आहे. तिथली आम्ही मुले पाचवीला आपल्या शाळेत आलो. आमच्यातल्या ठाकर आणि महादेव कोळी मुलांची घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर होते. ते अंतर कुणी मोजले नाही. सातवीत आम्ही १९ मुली होतो. दहावीच्या फोटोत पाच आहोत. तो फोटो या स्मरणिकेत छापला जाणार आहे. कृपया तो बघताना उरलेल्या १४ जणींचीही आठवण काढा. त्यातल्या तिघी तरी माझ्यापेक्षा हुशार होत्या. एकीच्या वहीवरून मी भूमिती शिकले.

आणि मीही काही वेगळी नाही. शिकले, मुंबईला गेले, ३६ वर्षे तिथल्या मुलांना शिकवले आणि गावाला लग्नकार्यापुरती आले. रूबेनबाईंचे चरित्र वाचताना मला अभिमान वाटतो तसा हाच एक मुद्दा टोचतो. त्या परत आल्या.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधावी असा विचार चालला आहे. कमानीला माझा विरोध नाही, पण ती पुढच्या वर्षी बांधू. यंदा तो पैसा पाचवीत येणाऱ्या वाडीवस्तीवरच्या मुलांच्या वाचनासाठी आणि सातवीनंतर मुलींच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. नुसती विनंती करून मी मोकळी होत नाही. जूनपासून मी मंचरला राहायला येते आहे. आठवड्यातले तीन दिवस पाचवीच्या मुलांना माझ्याकडे द्या. आपल्या बॅचमधले आणखी कोणी निवृत्त शिक्षक असतील, त्यांनी उरलेले दिवस वाटून घ्यावेत. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मी चिंचेखाली बसलेली असेन. नावे तिथे येऊन द्या.