दुकानातलं वजन डोक्यात बसलं, आयुष्यभर झटके आले. तरीही तिनं ७० जणांना गुलामीतून बाहेर काढलं

रात्रीची वेळ. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं दलदलीचं जंगल. मागावर कुत्री आणि बंदुका घेतलेले लोक. गुलामीतून पळून निघालेली काही माणसं अंधारात दबकत चाललेली, आणि त्यांच्या पुढे वाट दाखवणारी जेमतेम पाच फूट उंचीची एक बाई.

आणि ही बाई मध्येच झोपते.

पेंगते वगैरे नाही, गाढ झोपते. हलवून उठवली तरी उठत नाही. बाकीचे श्वास रोखून तिच्याभोवती बसून राहतात, कारण पुढचा रस्ता फक्त तिलाच माहिती असतो. थोड्या वेळानं ती डोळे उघडते आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालायला लागते.

या बाईचं नाव हॅरिएट टबमन. अमेरिकेच्या शाळांमध्ये पोरांना जी नावं पाठ असतात, त्यातलं हे एक. गुलामांची सुटका करणारी म्हणून तिची गोष्ट जगभर सांगितली जाते. पण ही सगळी कामं तिनं मेंदूला झालेली जुनी दुखापत सोबत घेऊन केली, हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत संपवला जातो. आज तोच भाग नीट समजून घेऊ.

तर सुरुवात होते साधारण १८२२ साली.

मेरीलँडच्या डॉर्चेस्टर काउंटीत बेन रॉस आणि रिट ग्रीन या गुलाम जोडप्याला मुलगी झाली. नाव ठेवलं अरामिंटा, लाडानं सगळे मिंटी म्हणायचे. गुलामांच्या पोरांच्या जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नव्हतं, त्यामुळे हे सालही इतिहासकारांनी जुन्या कागदांवरून काढलेलं आहे.

मिंटी पाच-सहा वर्षांची असतानाच मालकानं तिला दुसऱ्यांच्या घरी भाड्यानं कामाला द्यायला सुरुवात केली. एका घरी तान्हं बाळ सांभाळायचं काम होतं. रात्री बाळ रडलं की मार हिला. त्या चाबकाचे वळ म्हातारपणापर्यंत तिच्या अंगावर होते. दुसऱ्या एका ठिकाणी अंगात गोवर असताना तिला थंड पाण्यात उतरवून सापळे तपासायला लावलं.

पण तिचं आयुष्य बदललं ते एका दुकानात.

मिंटी तेव्हा साधारण १२ ते १५ वर्षांची असेल. बकटाऊन नावाच्या गावात एक किराणा-सामानाचं दुकान होतं. ती तिथं गेली असताना एक गुलाम काम सोडून दुकानात आला, आणि त्याच्या मागोमाग त्याचा मुकादम. मुकादमानं मिंटीला सांगितलं, याला बांधायला मदत कर. तिनं नकार दिला. तेवढ्यात तो माणूस पळाला. मुकादमानं गल्ल्यावरचं दोन पौंडांचं, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमचं लोखंडी वजन उचललं आणि त्याच्या दिशेनं भिरकावलं.

त्याला ते लागलंच नाही, लागलं मिंटीच्या डोक्यात.

कवटी फुटली. रक्तानं भरलेल्या मिंटीला उचलून मालकाच्या घरी आणलं. तिला स्वतःची खाट नव्हती, म्हणून मागाच्या बाकावर आडवं केलं. डॉक्टर कुणी बोलावलाच नाही. दोन दिवस ती तशीच पडून होती आणि त्यानंतर तिला पुन्हा शेतात कामाला लावलं. जखम उघडी, कपाळावरून रक्त आणि घाम एकत्र वाहतोय आणि ही शेतात राबतेय.

नंतर ती सांगायची, कधी न विंचरलेल्या जाड केसांमुळे आपण वाचलो.

जखम भरली, त्रास सुरू झाला

वरची जखम हळूहळू भरली. पण मिंटी पहिल्यासारखी राहिली नाही.

काम करता करता, बोलता बोलता ती अचानक झोपी जायची. जाग आली की जिथं वाक्य तुटलं होतं तिथून पुढे बोलायला लागायची. डोकं भयंकर दुखायचं. तिला गाणी, आवाज, किंकाळ्या ऐकू यायच्या. डोळ्यांसमोर दृश्यं उभी राहायची. आपण पाखरासारखे उडत शेतं आणि नद्या ओलांडून चाललोय, असं दिसायचं. ती आधीपासूनच देवभोळी. तिनं या सगळ्याला देवाचा संदेश मानलं.

मालकानं मात्र वेगळाच हिशोब केला. हिचा आता उपयोग नाही म्हणून त्यानं तिला विकायला काढलं, पण गिऱ्हाईकच मिळेना.

आजचे अभ्यासक तिची लक्षणं वाचून टेम्पोरल लोब एपिलेप्सीकडे बोट दाखवतात. एपिलेप्सी म्हणजे आपण ज्याला अपस्मार, मिरगी किंवा फिट येणं म्हणतो ते. आता प्रश्न पडतो, फिट येणं म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस येणं ना? मग झोप आणि आवाज कुठून आले?

मेंदूत नेमकं काय होतं?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलतात. डोक्याला जोरात मार बसला की काही पेशी मरतात आणि त्या जागी व्रण तयार होतो, जसा कातडीवर होतो तसाच. या व्रणाच्या कडेच्या पेशींची जुळणी बिघडलेली असते. कधीतरी त्या एकदम, एकाच वेळी संकेत सोडायला लागतात. हाच झटका.

झटका कसा दिसेल, हे तो मेंदूच्या कुठल्या भागात सुरू झालाय यावर ठरतं. हालचाल सांभाळणाऱ्या भागात सुरू झाला तर हातपाय झाडले जातात. टेम्पोरल लोब हा भाग कानाच्या वर, आतल्या बाजूला असतो. ऐकणं, आठवणी, भावना यांचं बरंच काम तिथं चालतं. तिथं झटका आला तर माणूस काही क्षण एकटक बघत बसतो, बोलणं थांबतं, नसलेले आवाज किंवा वास येतात, अचानक भीती वाटते. बघणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष नाही.

झोपेचंही तसंच. जागं राहण्याची यंत्रणा मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात असते. मोठ्या दुखापतीत तिथल्या जागं ठेवणाऱ्या पेशी कमी होतात, असं संशोधनात दिसलं आहे. त्यामुळे डोक्याला मार लागल्यावर काही जणांना कायमची जास्त झोप येते, काहींची झोपच उडते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे वेळ. झटके लगेच सुरू होतीलच असं नाही. महिन्यांनी होतात, काही वेळा वर्षांनी होतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या दर १०० जणांपैकी साधारण १७ जणांना पुढच्या ३० वर्षांत फिट येण्याचा आजार जडला. किरकोळ दुखापतीत हेच प्रमाण १०० मागे २ च्या आसपास होतं.

मिंटीची कवटीच फुटली होती. ती कुठल्या गटात बसते, हे वेगळं सांगायला नको.

पळाली, आणि परत आली

१८४४ च्या आसपास मिंटीनं जॉन टबमन नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी लग्न केलं आणि नाव बदलून हॅरिएट घेतलं. १८४९ मध्ये तिचा मालक एडवर्ड ब्रॉडेस वारला. मालक मेला की कर्ज फेडायला गुलाम विकले जायचे, कुटुंबं तुटायची. हॅरिएटच्या बहिणी आधीच अशा विकल्या गेल्या होत्या.

सप्टेंबर १८४९ मध्ये ती दोन भावांना घेऊन पळाली. मालकिणीनं पेपरात इनामाची जाहिरात दिली. भाऊ घाबरले आणि तिलाही घेऊन माघारी आले. मग ती एकटीच निघाली. लपत-छपत, रात्री ध्रुवतारा बघत, गुलामीविरोधी लोकांच्या घरी आसरा घेत ती पेनसिल्व्हेनियात पोचली. साधारण १४५ किलोमीटरची वाट.

आता ती सुटली होती. फिलाडेल्फियात काम होतं, पगार स्वतःचा होता. पण ती परत गेली. पहिल्यांदा भाचीला सोडवायला, पुढे भावांना, आईबापांना आणि अनोळखी लोकांनाही.

१८५० ते १८६० या दहा वर्षांत ती साधारण १३ वेळा मेरीलँडला गेली आणि ७० च्या आसपास लोकांना बाहेर काढलं. ३०० चा आकडा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण तो जुन्या चरित्रातून आलेला, फुगवलेला आकडा आहे. १८५० च्या कायद्यानंतर उत्तरेतही गुलामांना पकडून परत पाठवता येत होतं, म्हणून ती लोकांना थेट कॅनडापर्यंत नेऊ लागली.

तिचं डोकं कसं चालायचं बघा. हिवाळ्यात निघायचं, कारण रात्री मोठ्या. शनिवारी रात्री निघायचं, कारण रविवारी पेपर नसतो आणि इनामाची जाहिरात सोमवारशिवाय छापून येत नाही. बाळं रडू नयेत म्हणून त्यांना अफूचा अंश असलेलं औषध द्यायचं. लिहिता-वाचता न येणारी, झटके येणारी, मध्येच झोपणारी ही बाई सगळा आराखडा डोक्यात ठेवायची. आणि तिच्यासोबतचा एकही माणूस पकडला गेला नाही.

पुढे यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्यासाठी नर्स, स्वयंपाकीण आणि हेर झाली. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवरच्या छाप्यात तिनं बोटींना वाट दाखवली. त्या एका मोहिमेत ७०० हून जास्त गुलाम सुटले.

इथं आपल्याकडचा एक धागा सांगायलाच हवा. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून फुल्यांनी ज्या लढ्याची दखल घेतली, त्याच लढ्यात हॅरिएट होती.

म्हातारपणी बाईनं डोकं उघडून घेतलं

युद्ध संपलं. हॅरिएट न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावात राहिली. पैशांची कायम ओढाताण. सैन्यात केलेल्या कामाची पेन्शन मिळायला १८९९ साल उजाडलं. तेव्हा नर्स म्हणून केलेलं काम धरून महिन्याला २० डॉलर ठरले, त्यातले ८ डॉलर तिच्या सैनिक नवऱ्याची विधवा म्हणून होते.

वय वाढलं तशी डोकेदुखी असह्य झाली. डोक्यातल्या आवाजानं झोप लागेना. १८९० च्या दशकाच्या शेवटी, सत्तरी ओलांडलेली हॅरिएट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेली आणि डोक्याचं ऑपरेशन करून घेतलं. तिनं नंतर सांगितल्याप्रमाणे, भूल घ्यायला नकार दिला आणि सैनिक करायचे तशी दातात बंदुकीची गोळी धरली. ऑपरेशननंतर आपल्याला आराम पडल्याचं तिनं सांगितलं.

तो काळ लक्षात घ्या. जुन्या जखमेमुळे झटके येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूवर लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी शस्त्रक्रिया केली ती १८८६ मध्ये. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारा ईईजी यायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती. झटक्यांवर फेनोबार्बिटल हे औषध वापरात आलं १९१२ मध्ये.

हॅरिएट १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियानं गेली. वय साधारण ९१. वृद्ध आणि गरीब कृष्णवर्णीयांसाठी तिनंच उभ्या केलेल्या आश्रमात तिनं शेवटचा श्वास घेतला. लष्करी मानानं तिला दफन केलं.

म्हणजे डोक्यात वजन बसल्यानंतर ती पंचाहत्तरहून जास्त वर्षं त्या जखमेसोबत जगली, आणि त्यातला जवळपास सगळा काळ उपचारांशिवाय.

यातून आपण काय घ्यायचं?

हॅरिएट जिद्दी होती हे खरंच. पण जिद्दीनं दुखापत बरी होत नाही. तिच्यासारखी माणसं त्रास सहन करत जगली, कारण त्यांच्यासाठी डॉक्टर बोलावणारं कुणी नव्हतं. आज तसं नाही.

बाईकवरून पडल्यावर बाहेरून खरचटलेलं दिसत नाही म्हणून लोक घरी येऊन झोपतात. बेशुद्ध पडणं, सारखी उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, हातापायात कमजोरी, फिट येणं, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि त्यानंतर महिन्यांनी जरी विचित्र झोप, क्षणभर हरवल्यासारखं होणं, स्वभावात बदल, विसराळूपणा असं जाणवलं, तर डॉक्टरांना जुन्या दुखापतीबद्दल आठवणीनं सांगायचं. बहुतेक वेळा तेच सांगायचं राहून जातं.

कुणाला फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, झटका ओसरला की कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची.

फिट येणाऱ्या माणसाला घरात बसवून ठेवणारे, त्याचं लग्न मोडणारे, त्याला नोकरीवरून काढणारे लोक आजही आहेत. हॅरिएटच्या मालकानंही तिची किंमत शून्य लावली होती. तिच्यासोबत जंगलात बसलेल्या लोकांनी मात्र ती जागी होईपर्यंत वाट बघितली आणि तिच्या मागोमाग कॅनडापर्यंत गेले.