एक दिवसाचा महाराजा : सर पॅट्रिक गेडिस

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा नेहमीची आठ-दहा नावं डोळ्यासमोर आली. त्या सगळ्यांवर आपण शाळेत निबंध लिहिलेले आहेत. सोसायटीची स्मरणिका आहे, तेव्हा जिने, गटारं, कचरा, पाणी यांच्यात ज्याने आयुष्य घालवलं असा कोणीतरी असावा असं वाटलं, आणि सर पॅट्रिक गेडिस आठवले. नगररचनेच्या क्षेत्रात हे नाव जगभर माहीत आहे. आपल्या मुंबई विद्यापीठात ते प्राध्यापक होते, तरी आपल्याकडे सामान्य माणसाला ते फारसे ठाऊक नाहीत.

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. (तारीख आपल्या ओळखीची आहे!) वडील सैन्यातले. पुढे हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर राहायला गेलं. बागकाम तो मुलगा तिथेच वडिलांच्या हाताखाली शिकला. शाळा संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्याने पर्थच्या एका बँकेत नोकरी धरली. साधारण दीड वर्ष खतावण्या लिहिल्या आणि सोडून दिली. मी स्वतः छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हे वाचून आधी थोडा राग आला, मग हेवा वाटला.

त्यानंतर लंडनला हक्स्लेंसारख्या नामांकित शास्त्रज्ञाकडे त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले; पदवी मात्र शेवटपर्यंत घेतली नाही. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणं आता जमण्यासारखं नव्हतं. झाडं-किडे जसे आपल्या परिसराशी बांधलेले असतात तशीच माणसं आपल्या गावाशी, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्का होत गेला. जागा, काम आणि माणसं या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय शहर कळत नाही, असं ते पुढे जन्मभर सांगत राहिले.

पण माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला तो १८८६ च्या एका गोष्टीमुळे. त्या वर्षी त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. एडिंबरोचा जुना भाग तेव्हा फार वाईट अवस्थेत होता. सुखवस्तू लोक नव्या शहरात निघून गेले होते आणि मागे राहिलेल्या उंच चाळींत एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत होतं. जिने काळोखे, घाण, उंदीर. या नवविवाहित जोडप्याने नव्या शहरातलं बिऱ्हाड सोडलं आणि जेम्स कोर्ट नावाच्या अशाच एका चाळीत खोल्या घेतल्या. गेडिस आधी स्वतः झाडू घेऊन उतरले. मग चुना आला, रंग आला, खिडक्यांत फुलांच्या पेट्या आल्या. नुसतं भाषण ठोकलं असतं तर शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली असती. प्रोफेसर स्वतः जिना झाडतोय म्हटल्यावर तेही हळूहळू बाहेर आले. मोडकळीला आलेली घरं सरसकट न पाडता, अगदीच कुजलेला भाग तेवढा काढायचा, हवा-उजेडाला वाट करायची आणि बाकीचं दुरुस्त करून तिथल्याच लोकांना राहू द्यायचं, ही त्यांची पद्धत तिथेच तयार झाली. चाळींमधल्या उकिरडा झालेल्या मोकळ्या जागांच्या बागा झाल्या. पुढे त्यांची मुलगी नोरा हिने ते काम मोठ्या नेटाने चालवलं.

पैशाच्या बाबतीत मात्र गृहस्थ अगदी बेभरवशाचा. एक इमारत दुरुस्त होते न होते तोच दुसरी विकत घ्यायचे. अखेर १८९६ मध्ये मित्रांनी एक कंपनी काढून त्यांच्या मिळकतींचा कारभार आपल्या हाती घेतला. ते माझ्या टेबलासमोर कर्जाचा अर्ज घेऊन आले असते, तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं.

डंडी येथे ते तीस वर्षं वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण फक्त उन्हाळ्याच्या सत्रापुरते. बाकीचे महिने शहरांसाठी मोकळे! १९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रं यांचं त्यांचं मोठं प्रदर्शन मागाहून जहाजाने यायचं होतं. ते जहाज जर्मनांच्या एमडन या युद्धनौकेने बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेला संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. मायदेशातल्या मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

मग त्यांची भटकंती सुरू झाली. मद्रास इलाख्यातली गावं झाली, १९१५ मध्येच आपल्या मुंबई इलाख्यातली ठाणे, अहमदाबाद, सुरत ही शहरं झाली. पहाटे उठून गल्लीबोळ पायी हिंडायचं, विहिरी, देवळं, पार, झाडं बघायची आणि नंतरच नकाशावर रेघ मारायची, असा त्यांचा नेम होता. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता काढण्यासाठी शेकडो घरं पाडण्याच्या सरकारी योजनांना त्यांनी ठिकठिकाणी विरोध केला आणि त्याहून कितीतरी कमी खर्चाचे पर्याय आखून दिले. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवायला निघालेल्या अधिकाऱ्यांना त्यांचं सांगणं असे की तलाव स्वच्छ करा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील.

१९१७ साल मात्र त्यांच्यावर फार कठीण आलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. तार आली तेव्हा ॲनाबाई इथेच भारतात तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना सांगितलीच नाही. मुलाची जुनी पत्रं ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्याला ॲनाबाई गेल्या, मुलगा गेल्याचं न कळताच.

आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत हा माणूस इंदूरला एक मिरवणूक काढत होता.

इंदुरात तेव्हा तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते आणि शहरात प्लेग होता. नकाशे घेऊन गेडिस गल्लीत शिरले की बाया मुलांना ओढून आत घेत. साहेब आला म्हणजे घरं पाडणार, प्लेगसुद्धा हाच घेऊन येतो, अशी लोकांची समजूत होती. गेडिस यांनी दरबारात विचित्रच मागणी केली : मला एका दिवसापुरतं महाराज करा. दरबाराने मान्य केलं!

मग दवंडी पिटली. दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातली घरं सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या भागातून ती जाईल. कचरा काढून द्या, वाहून नेण्याचा खर्च दरबारचा. झालं, सगळं शहर कामाला लागलं. घराघरांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला. उंदीर पकडले गेले ते वेगळेच. हत्ती, उंट, घोडेस्वार हे तर मिरवणुकीत होतेच. त्यांच्यामागून पडक्या घरांचे देखावे, मग रोगराईचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा एक अवाढव्य उंदीर. त्याच्यापाठोपाठ शहराचे सफाई कामगार नवे पांढरे कपडे घालून, गळ्यात हार आणि घासूनपुसून सजवलेल्या गाड्या घेऊन. ज्यांची सावली टाळली जायची ते लोक भर मिरवणुकीत मानाने चालले होते. शेवटी नव्या इंदूर नगरीची देवी आणि होऊ घातलेल्या घरांच्या प्रतिकृती. लोकांना फळं, फुलं, तुळशीची रोपं वाटली. रात्री राक्षस आणि उंदीर यांचं दहन, वर आतषबाजी.

प्लेग ओसरला. त्याचं सगळं श्रेय मिरवणुकीला देणं बरोबर नाही. साथीचा मोसमही संपत आला होता, हे गेडिस यांनाही मान्य होतं. पण दुसऱ्या दिवसापासून साहेबाला पाहून कोणी दार लावून घेत नव्हतं, आणि एकट्या दरबाराने हुकूम काढून हे झालं नसतं, तसंच एकट्या रहिवाशांकडूनही. दरबाराने गाड्या दिल्या, लोकांनी घरं झाडली.

इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. मैला महागड्या गटारांतून दूर वाहून न नेता त्याचं खत करून शहरातल्या बागांना घालावं, असं त्यांनी त्यात आग्रहाने मांडलं. इंजिनिअर मंडळींना ते पटलं नाही, आणि त्यांच्या कितीतरी सूचना कागदावरच राहिल्या. आपल्या मागच्या गेटजवळच्या गांडूळखताच्या खड्ड्यावरून सर्वसाधारण सभेत झालेली वादावादी ज्यांना आठवते, त्यांना याचं नवल वाटू नये. (२०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात सलग पहिलं येत राहिलं. ते आजच्या महापालिकेचं आणि नागरिकांचं कर्तृत्व, गेडिस यांचं नव्हे. पण बरोबर शंभर वर्षांचा योग बघून गंमत वाटली.)

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. दाढीतल्या दाढीत पुटपुटत शिकवायचे, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारायचे. सगळ्यांना ते कळत असेल असं वाटत नाही. पण माणसाची पारख चांगली होती. मालवणकडचा एक संस्कृतचा हुशार विद्यार्थी निवडून त्यांनी विलायतेला जाण्याची शिफारस केली. तेच डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस यांच्यानंतर विभाग त्यांनी सांभाळला आणि भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घातला.

१९२४ मध्ये प्रकृतीमुळे गेडिस भारत सोडून फ्रान्समध्ये मॉंपेलिए इथे गेले. मधल्या काळात तेल अवीव शहराचा आराखडाही त्यांनी केला. मॉंपेलिएच्या खडकाळ टेकडीवर सत्तरीत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायला घेतलं आणि भोवती बाग लावली. पैशांची ओढाताण तिथेही होतीच. सर ही पदवी पूर्वी त्यांनी नाकारली होती, ती १९३२ च्या सुरुवातीला स्वीकारली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचं निधन झालं.

जाता जाता एक. मागच्या महिन्यात व्यवस्थापक समितीला ही इंदूरची गोष्ट सांगून मी सुचवलं होतं की यंदा आपल्या गणपतीची विसर्जन मिरवणूक, ज्या विंगचे जिने आणि गच्ची सर्वांत स्वच्छ असतील त्या विंगसमोरून आधी न्यावी, आणि पहिला हार आपल्या सफाई कामगारांना घालावा. ठराव मंजूर झाला आहे. बी विंगवाल्यांनी आत्तापासूनच जिन्यातल्या जुन्या सायकली हलवायला सुरुवात केली आहे, असं ऐकतो.